बोरूपासून विंडोजपर्यंत

दिवाळीच्या आधी घरातली अडगळ बाहेर काढायची ही आपली जुनी रीत. पूर्वी माळ्यावरून पितळी घागरी, मोडका पाळणा, रद्दीचे गठ्ठे खाली येत. हल्ली माळ्याच्या जोडीला संगणकही झाडावा लागतो. २०२५ च्या दिवाळीला जेमतेम आठवडा उरला असताना, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० या संगणकप्रणालीची नेहमीची देखभाल तिच्या निर्मात्यांनी थांबवली. आमच्या नागपूरच्या घरातला संगणक २०१५ सालचा. त्याच्यावर विंडोज ११ चढवावी म्हणून बसले, तर त्याने सरळ नकार दिला. नव्या प्रणालीला यंत्रात सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते, आणि प्रक्रियकही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. आमच्या यंत्राजवळ यांतले काहीच नव्हते. यंत्र धडधाकट, पण बिदाईची वेळ झालेली. तेव्हा नवे यंत्र आणणे आले, आणि जुन्यातले सामान नव्यात हलवणे आले.

सामान हलवताना एक कप्पा सापडला. नाव फक्त ‘बाबा’. आत सात फायली होत्या, ‘आठवण १’ पासून ‘आठवण ७’ पर्यंत. पहिली उघडली. पडद्यावर रोमी अक्षरांचा नुसता चिवडा दिसला: मध्येच डॉलरचे चिन्ह, मध्येच कंस, डोक्यावर ठिपके घेतलेली कुठल्याशा युरोपी भाषांतली अक्षरे. माझ्या वडिलांना इंग्रजीत पत्रसुद्धा लिहायचा कंटाळा. हे त्यांनी लिहिलेले नव्हते. आणि तरीही हे त्यांनीच लिहिलेले होते.

या कोड्याचा उलगडा करायचा तर थोडे मागे जावे लागेल. थोडे म्हणजे सुमारे दोनशे वर्षे!

संगणकप्रणाली म्हणजे काय हे आमच्या आईला समजावताना मी वाड्याचा दाखला देते. यंत्र म्हणजे वाडा आणि प्रणाली म्हणजे त्या वाड्याचा कारभारी. कोठीची किल्ली त्याच्याकडे, दप्तर त्याच्याकडे, आल्यागेल्याची नोंद त्याच्याकडे. कारभारी बदलला तरी वाडा तोच राहतो, पण नव्याला जुन्याचे हस्ताक्षर लागेलच असे नाही. हा दाखला केवळ करमणुकीचा नव्हे. नागपुरात तो खराखुरा घडून गेला आहे. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. भोसल्यांचे दप्तर मोडीतले. बोरूने, हात न उचलता, ओळीची रेघ आधी मारून तिच्याखाली भराभर लिहीत जायचे ही मोडीची तऱ्हा. कारभारी बदलले, कागद तेच राहिले.

मोडीला मागे सारण्याचे काम मात्र इंग्रजी राज्यापेक्षा छापखान्याने अधिक केले. त्या गोष्टीतही नागपूरचा एक माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरे या मिशनऱ्याने छापखाना चालवला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो गोऱ्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवी, आणि त्याला मराठीत मदत करीत ते नागपूरचे वैजनाथ पंडित. १८०५ साली कॅरेचे मराठी व्याकरण निघाले, त्यात मराठी शब्द देवनागरी टाइपात छापले होते. पुढे १८१० साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश आला, आणि तो मात्र मोडी टाइपात! म्हणजे पाच वर्षांच्या आत एकाच छापखान्याने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. शेवटी छपाईच्या बाजारात देवनागरी, म्हणजे आपली बालबोध, जिंकली. जोडून, वळवून लिहायच्या मोडीला सुट्या खिळ्यांत बसवणे अवघड होते आणि बालबोध त्या मानाने सोपी होती. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे मराठी माणसाने छापील वाचले बालबोधीत आणि हिशेब लिहिला मोडीत. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली, आणि एका पिढीच्या आत आजोबांचे कागद नातवाला परके झाले. आमच्या आजोबांची जमाखर्चाची वही घरात आहे. घरात ती कुणालाच वाचता येत नाही.

वाचता न येण्याची किंमत कशी पडते तेही सांगून टाकते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कागद कपाटात होते, फक्त ते वाचणारे उरले नव्हते.

छापखान्याच्या मागोमाग टंकलेखनयंत्र आले आणि नवेच भांडण उभे राहिले. नागरीच्या केसमध्ये शेकडो खिळे. टंकलेखनयंत्राला कळा मोजक्या. मग लिपीच कापून यंत्राच्या मापाची करावी असा विचार पुढे आला. सावरकरांनी ‘अ’ चीच बाराखडी सुचवली: इ-ई च्या ऐवजी अि-अी. १९५३ साली लखनौला भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे द्यावी असे ठरवले, कारण उच्चारात ती अक्षरानंतर येते आणि यंत्रालाही तसेच सोयीचे. तर्कशास्त्र बिनचूक होते. लोकांच्या डोळ्यांनी ते मानले नाही, आणि काही वर्षांत तो बेत गुंडाळला गेला. (या वेलांटीची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे, म्हणून ध्यानात ठेवावी.) आपल्याकडे १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ‘नाहीं’, ‘तें’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार काढले, ते मात्र पचले. बाबा त्याआधीच मॅट्रिक झालेले, म्हणून त्यांच्या पत्रांत शेवटपर्यंत ‘कां’ वर टिंब असे.

आता संगणकाकडे येऊ. संगणकाला मुळात अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे हा केवळ कराराचा भाग आहे. इंग्रजीचा करार अमेरिकेत आधीच ठरलेला होता. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या आयआयटीत काम सुरू झाले आणि मोहन तांबे यांनी ते पुढे नेले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, तिथे हे काम आले. तिचे पहिले प्रमुख विजय भटकर. मूळचे अकोला जिल्ह्यातले आणि १९६५ साली आमच्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झालेले. ‘परम’ महासंगणकामुळे त्यांचे नाव झाले, पण त्याच संस्थेतल्या लिपीच्या कामाचा उपकार तुमच्याआमच्यावर अधिक आहे.

त्या कामाचे सार असे की, यंत्राच्या पोटात अक्षराचा आकार ठेवायचा नाही, उच्चार ठेवायचा. क, त्यापुढे हलन्त, त्यापुढे ष असे तीन आकडे साठवायचे. पडद्यावर ‘क्ष’ काढून दाखवणे हे यंत्राचे काम. आणि ती ऱ्हस्व वेलांटी? पोटात ती अक्षराच्या नंतर साठवायची आणि पडद्यावर अक्षराच्या आधी दाखवायची! लखनौच्या विद्वानांचे म्हणणे आणि लोकांच्या डोळ्यांचे म्हणणे, दोन्ही एकदम मान्य झाले. मला या युक्तीचे फार कौतुक वाटते. हा करार १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना एका वहीत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने नागरीसाठी १२८ घरे राखली आणि त्यांची मांडणी आपल्या भारतीय कराराच्याच आधीच्या रूपावरून घेतली.

म्हणजे १९९१ सालीच सर्व काही सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण करार कागदावर असला तरी घरोघरचा कारभारी तो मानत नव्हता. विंडोज ९५ काय किंवा विंडोज ९८ काय, यांना नागरी ठाऊक नव्हती. मग आपल्या हुशार लोकांनी आडवाट काढली. इंग्रजी अक्षरांचाच आकडा ठेवायचा आणि त्यावर मराठी अक्षराचे चित्र चिकटवायचे! संगणक समजे की आपण रोमी अक्षर लिहिले. माणसाला दिसे ‘म’. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा टंकांनी आणि पुढे सी-डॅकच्या स्वतःच्या विंडोजवरच्या साधनांनीही मराठीची सारी छपाई त्या दहा-पंधरा वर्षांत उचलून धरली. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका सगळे त्यांवर निघाले. त्यांना नावे ठेवणे कृतघ्नपणा होईल. गोम एवढीच की प्रत्येकाने चित्रे आपल्या मर्जीने चिकटवली. एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा काना. सगळ्यांची बोली मराठी, पण प्रत्येकाची मोडी वेगळी!

अशा काळात, २००१ साली, आमच्या घरी पहिला संगणक आला. विंडोज ९८ वर चालणारा. मी तेव्हा नुकतीच शाळेत लागले होते. घेतला माझ्यासाठी, पण त्यावर बसले बाबा. पोस्टातून निवृत्त झाल्यावर दुपार कशी घालवायची हा त्यांचा प्रश्न होता. कुणाकडून तरी फुकट मिळालेला एक मराठी टंक त्यांनी घातला आणि नोटपॅडमध्ये, एका बोटाने, आठवणी लिहायला घेतल्या. नोटपॅडची त्या काळची फाईल लांबीला आखूड असे. ती भरली की बाबा नवी उघडत. त्या ‘आठवण १’ ते ‘७’.

२००६ च्या जुलैमध्ये विंडोज ९८ ची देखभाल बंद झाली. एव्हाना गावात सगळीकडे विंडोज एक्सपी होती. सरकारी नोकरांना आणि आम्हा शिक्षकांना जी संगणक परीक्षा सक्तीने द्यावी लागली, तिच्या वर्गांतही तीच. बाबांनी यंत्र ऑटोत घालून सीताबर्डीवरच्या एका दुकानात नेले. तिथल्या मुलाने विचारले, “काकाजी, फॉरमॅट मारून एक्सपी टाकून देतो. महत्त्वाचं काही आहे का यात?” बाबा म्हणाले, “माझं लिहिलेलं आहे बापू थोडंसं, तेवढं सांभाळ.” मुलगा प्रामाणिक होता. त्याने बाबांच्या सातही फायली डी ड्राइव्हमध्ये नीट हलवल्या आणि मग सी ड्राइव्ह पुसून त्यावर नवी प्रणाली टाकली.

टंक सी ड्राइव्हमध्ये होता.

टंक ही वेगळी वस्तू आहे आणि तिचीही नक्कल ठेवावी लागते, हे त्या मुलाला सुचले नाही. बाबांना ते माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि मला, परीक्षा उत्तीर्ण होऊनही, ते माहीत नव्हते. नोटपॅड फक्त आकडे साठवते. कोणत्या टंकात लिहिले याची नोंद ती फाईलमध्ये ठेवत नाही. घरी आल्यावर बाबांनी ‘आठवण १’ उघडली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “व्हायरस लागलेला दिसतो.” त्यांनी पुन्हा लिहायला घेतले नाही. २०११ साली ते गेले.

दैवाची गंमत अशी की, ज्या एक्सपीने त्यांची अक्षरे झाकली, तिच्यात खरी नागरी होती. विंडोज २००० पासूनच ती आली होती, तिच्याबरोबर ‘मंगल’ हा टंकही. तो घडवला र. कृ. जोशी यांनी, जुन्या वाचकांना कवी आणि सुलेखनकार म्हणून ठाऊक असलेले तेच हे. ‘मंगल’ मधले ल आणि श हिंदी वळणाचे, म्हणून आमच्यासारखे मराठी शिक्षक नाक मुरडत. ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळायलाही २००८ साल उजाडावे लागले. पण ही तक्रार किरकोळ. खरी अडचण अशी की एक्सपीत नागरी आपणहून जागी होत नसे. भाषेच्या मांडणीत शिरून, थाई लिपी आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्या यांच्याच रांगेतली एक चौकट टिचकवायची, मग मूळ तबकडी पुन्हा घालायची, मग यंत्र बंद करून चालू करायचे. दुकानातून यंत्र घेऊन येणाऱ्या कितीजणांजवळ मूळ तबकडी असे? ती चौकट न टिचकवलेल्या यंत्रांवर मराठी पान उघडले की जोडाक्षरे सुटी आणि वेलांटी भलत्या बाजूला दिसे. त्यामुळे ‘संगणकावर मराठी नीट येत नाही’ असा समज घट्ट बसला आणि लोक जुन्या टंकांनाच चिकटून राहिले. दोष नागरीचा नव्हता, तिजोरी उघडायची राहिली होती. २००७ ची व्हिस्टा आणि २००९ ची विंडोज ७ यांच्यापासून ही कटकट संपली; नागरी पहिल्या दिवसापासून चालू.

आणखी एक आकडा सांगते. विंडोज ९८ ला सोळा मेगाबाइट स्मृती पुरे म्हणत. विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट लागते. म्हणजे बरोबर २५६ पट. एका कारभाऱ्याच्या जागी २५६ कारभारी आले म्हणा ना. त्यांतल्या एकालाही बाबांचे अक्षर लागत नव्हते.

आमचा भाचा अभियांत्रिकीला आहे. दिवाळीला तो आला तेव्हा मी त्याला तो चिवडा दाखवला. त्याला त्यात फारसे नवल वाटले नाही; हातातला चकलीचा तुकडा न ठेवताच तो म्हणाला, “मावशी, आबांनी पहिल्या ओळीत काय लिहिलं असेल?” त्या पिढीचा माणूस कागदाच्या माथ्यावर काय लिहितो हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? दोन उभे दंड, मध्ये श्री, पुन्हा दोन दंड. फाईलीच्या माथ्यावर खरोखरच तशी पाच चिन्हे होती, पहिली दोन आणि शेवटची दोन एकसारखी. मग त्याने जुने मराठी टंक कुठूनकुठून गोळा केले आणि एकेक लावून पाहू लागला. पहिल्यात दंडांच्या जागी टिंबे आली. दुसऱ्यात ‘श्री’ च्या जागी ‘ङ’. फराळाचे ताट रिकामे होईपर्यंत आठ-दहा टंक झाले, आणि मग एकदम पडद्यावर ‘॥ श्री ॥’ आले, आणि त्याखाली: ‘महालातल्या आमच्या घराला दोन अंगणें होतीं.’

अंगणांवर आणि होत्यांवर अनुस्वार होते.

पुढचे दोन दिवस ते जुने आकडे युनिकोडच्या आकड्यांत उतरवण्यात गेले. त्यासाठी कोष्टक करावे लागते: या खुणेचा अर्थ हा. वेलांट्या डावीकडून उचलून अक्षरामागे न्याव्या लागतात, रफाराचे उलटे. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र सगळीकडे चुकला होता, तो हाताने नीट केला. मोडीचे लिप्यंतर करणारे जे करतात तेच हे काम, फक्त येथे लिहिणारा घरातला.

‘आठवण ४’ मध्ये १९५६ चे वर्ष आहे. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. त्या ऑक्टोबरात दसऱ्याला डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेसाठी आलेली माणसे त्यांनी पाहिली होती. रस्त्याच्या कडेने झोपलेली कुटुंबे, त्यांना पाणी नेऊन देणाऱ्या बायका, असे दीड पान आहे. त्यानंतर १ नोव्हेंबर. त्या दिवशी जुना मध्यप्रदेश मोडला, नागपूरची राजधानी गेली, हिंदी भाग भोपाळकडे आणि विदर्भ मुंबई राज्याकडे. आजोबा सेक्रेटरिएटात कारकून होते. ऐन दिवाळीत त्यांना रजा नव्हती, कारण दप्तराची वाटणी चालली होती: व्हरांड्यात दोन ढीग, एक भोपाळला जायचा आणि एक मुंबईला. कोणता कागद कोणत्या ढिगात यावरून कारकुनांची हमरीतुमरी होई. आजोबांना आपण स्वतः कोणत्या ढिगात आहोत हेही दोन दिवस कळले नव्हते, असे बाबांनी लिहिले आहे. माझ्या आजोबांविषयी एवढी गोष्टही मला माहीत नव्हती.

सातही फायलींत मिळून तीन शब्द लागले नाहीत. खुणा कोष्टकात बसेनात. भाच्याने त्या जागी रिकामे चौकोन ठेवले आणि मी ती पाने छापून आईपुढे ठेवली. तिने चष्मा लावून दोन शब्द वाक्यावरून लगेच सांगितले. एक शेजाऱ्याचे आडनाव होते आणि एक गाईचे नाव. तिसरा चौकोन त्या १ नोव्हेंबरच्या रात्रीचा. वाक्य असे: ‘बाबा रात्रीं उशिरा आले, आणि रिकाम्या हातानें नव्हे, तर ▢ घेऊन आले.’

“संत्री,” आई म्हणाली. “आंबिया बहाराचे दिवस ते. दुसरं काय आणणार?”

भाच्याने मूळ खुणा पुन्हा तपासल्या. “आजी, पण यात ‘स’ पण नाही आणि ‘त’ पण नाही.”

“मग टाइप करताना चुकले असतील,” ती म्हणाली. “नवीनच शिकून राहिले होते ना.”